कोणत्या सालचा स्वार?

धातूचा रंगवलेला घोडेस्वार विकत घेण्यापूर्वी त्याची तीन साले शोधावीत. पहिले साल त्या सैनिकाचे, म्हणजे तो कोणत्या रिसाल्यातला आणि कोणत्या मोहिमेतला आहे त्याचे. दुसरे धातूचे, म्हणजे तो साच्यातून कधी ओतला गेला त्याचे. तिसरे रंगाचे, म्हणजे आज अंगावर दिसतो तो रंग कधी चढला त्याचे. विक्रेते बहुधा पहिलेच साल सांगतात, तेही ढोबळमानाने: ‘नेपोलियनच्या काळातला हुसार’. उरलेली दोन विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि किंमत तर त्यांच्यावरच ठरते. हा छंद नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी, किंवा घरातल्या जुन्या पेटीत असे पाचदहा स्वार सापडलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

सैन्याच्या मिनिएचरमध्ये पायदळ, तोफखाना, जड घोडदळ असे पुष्कळ प्रकार आहेत. तरी संग्राहकांची सर्वाधिक ओढ हलक्या घोडदळाकडे असते आणि त्याला कारण आहे. टेहळणी करणे, रसद तोडणे, छावणीवर अचानक तुटून पडणे, पळत्या शत्रूचा पाठलाग करणे ही या स्वारांची कामे. मराठी वाचकाला ती नव्याने समजावून सांगायला नकोत. युरोपात ही परंपरा पंधराव्या शतकात हंगेरीच्या सरहद्दीवर तुर्कांशी लढताना घडली आणि तिथला हुसार पुढे फ्रान्स, प्रशिया, रशिया, इंग्लंड सगळ्यांनी उचलला. त्याच्याबरोबर त्याचा पोशाखही आला: छातीवर आडव्या दोऱ्यांची नक्षी असलेला आखूड डॉलमन, डाव्या खांद्यावरून लोंबणारे फरची किनार असलेले दुसरे जाकीट म्हणजे पेलिस, कमरेला गुंडाळलेला दोऱ्यांचा पट्टा, आणि तलवारीजवळ पायाशी हेलकावणारी सपाट चामडी पिशवी, साब्रेताश. अडीच इंचांच्या सैनिकावर एवढे तपशील कोरायचे आणि रंगवायचे, तेही पळत्या घोड्यावर. कारागिराची खरी परीक्षा इथे होते.

पहिल्या सालाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण सर्वाधिक चुका इथेच असतात. ब्रिटिश लान्सर, म्हणजे भालाईत, वॉटर्लूच्या लढाईत दाखवलेला दिसला तर तो चुकीचा आहे. वॉटर्लू झाले १८१५ मध्ये. ब्रिटिशांनी आपल्या काही लाइट ड्रॅगून रेजिमेंटना भाले दिले १८१६ मध्ये, फ्रेंच आणि पोलिश भालाइतांचा अनुभव घेतल्यानंतर. पोलिश स्वारांचीही अशीच गंमत. ३० नोव्हेंबर १८०८ रोजी स्पेनमधल्या सोमोसिएराच्या खिंडीत नेपोलियनच्या गार्डमधल्या पोलिश स्वारांनी तोफांवर चढाई केली. ही चढाई असंख्य मिनिएचरांचा विषय झाली आहे आणि त्यांतल्या पुष्कळ स्वारांच्या हातात भाला आहे. या रेजिमेंटला भाले मिळाले १८०९ मध्ये. सोमोसिएराला ते तलवारी घेऊन गेले होते. किरमिजी-पांढरे निशाण फडकवणारा पोलिश भालाईत अतिशय देखणा दिसतो, तो जरूर घ्या. फक्त तळावर ‘सोमोसिएरा १८०८’ असे कोरलेले असेल तर ते चूक आहे हे जाणून घ्या.

ब्रिटिश लाइट ड्रॅगूनच्या डोक्यावर काय आहे यावरूनही साल कळते. वर केसाळ तुऱ्याचे कातडी शिरस्त्राण, ज्याला टार्लटन म्हणतात, ते १८१२ पर्यंतचे. त्यानंतर वरच्या बाजूला रुंद होत जाणारी शाको टोपी आली. म्हणून टार्लटन घातलेला स्वार १८१२ च्या उन्हाळ्यातल्या सालामांकाच्या लढाईला शोभतो, वॉटर्लूला नाही. फ्रेंच हुसारांमध्ये उंच, निमुळती, कापडी पट्टा गुंडाळलेली मिर्लितों टोपी आधीची, शाको नंतरची. आणि फरची कोल्पाक टोपी असेल तर तो त्या रेजिमेंटच्या निवडक कंपनीतला स्वार.

क्रिमियन युद्धातली बालाक्लाव्हाची चढाई, २५ ऑक्टोबर १८५४, हा इंग्लंडमधल्या संग्राहकांचा सर्वात लाडका विषय. त्या दिवशी लॉर्ड कार्डिगनच्या हाताखाली लाइट ब्रिगेडमध्ये पाच रेजिमेंट होत्या: ४ थी आणि १३ वी लाइट ड्रॅगून, ८ वी आणि ११ वी हुसार, १७ वी लान्सर. सुमारे ६७० स्वार. ११ व्या हुसारांची किरमिजी विजार प्रसिद्ध आहे, पण ती १८४० नंतरची, प्रिन्स आल्बर्टच्या नावाने ही रेजिमेंट हुसार झाली तेव्हाची. त्याआधीची ११ वी लाइट ड्रॅगून किरमिजी विजारीत दाखवली असेल तर कारागिराने पुस्तक उघडलेले नाही. क्रिमियात १७ व्या लान्सरांच्या चौकोनी माथ्याच्या टोप्यांवर काळ्या मेणकापडाची खोळ होती. बहुतेक उत्पादक ती वगळून परेडवरची झगमगती टोपी देतात, कारण ती जास्त विकली जाते. माझ्या लेखी खोळ चढवलेली, थोडी मळलेली फिगर कितीतरी जास्त मोलाची. तिच्यामागे कुणीतरी त्या दिवसाचा विचार केलेला असतो.

हे तपासायचे कसे? जर्मन चित्रकार रिशार्ड क्न्योटेल (१८५७–१९१४) यांच्या ‘उनिफॉर्मेनकुंडे’ या चित्रमालेतली हजारावर गणवेशचित्रे आजही संदर्भ म्हणून वापरली जातात. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथल्या ब्राउन विद्यापीठाच्या अ‍ॅन एस. के. ब्राउन संग्रहात गणवेशांची प्रचंड चित्रसंपदा आहे, शिवाय शिशाचे सैनिकही आहेत. त्यातला मोठा भाग घरबसल्या संगणकावर पाहता येतो. ऑस्प्रे प्रकाशनाच्या ‘मेन-अ‍ॅट-आर्म्स’ मालिकेतली पातळ पुस्तके सर्वात सोयीची. एकच पुस्तक घ्यायचे असेल तर तुम्हाला आवडलेल्या एका रेजिमेंटचे घ्या आणि ते पाठ होईपर्यंत वाचा. ‘सगळे नेपोलियनचे घोडदळ’ जमवणाऱ्याचे कपाट लवकर भरते आणि डोळा तयार होत नाही. फ्रेंच हुसारांच्या प्रत्येक रेजिमेंटचा रंग वेगळा होता. दुसरी तपकिरी, पाचवी आकाशी आणि तिचे पेलिस पांढरे, सातवी हिरवी आणि तिची विजार लाल. यातल्या एकाच रेजिमेंटचा शिपाई, बिगुलवाला, अधिकारी, उन्हाळी आणि हिवाळी वेष असे दहा स्वार जमवले तर तो संग्रह बोलतो.

आता घोडा. स्वाराकडे बघण्याआधी घोड्याकडे बघायची सवय लावून घ्या. कमी पैशांत माल काढणारे उत्पादक घोड्याचा एकच साचा दहा स्वारांना वापरतात. मग चिलखती क्युरासियरचा धिप्पाड घोडा हुसारालाही मिळतो आणि कोसॅकलाही. हलक्या घोडदळाची जनावरे आकाराने लहान, चपळ, आणि मोहिमेत रोडावलेली असत. स्वार आणि घोडा एकत्र घडवलेले आहेत की नंतर एकमेकांवर बसवले आहेत, हे मांडी आणि खोगीर जिथे भेटतात तिथे दिसते. तिथे फट असेल, स्वार खोगिरावर ठेवल्यासारखा दिसत असेल, तर ती फिगर परत ठेवा. लगाम डाव्या हातात, तलवार उजव्या. पोट वेढणारा तंग आहे का? रिकिबीत पायाचा चवडा आहे की अख्खा पाय घुसवला आहे? तोंडातला लगाम गालावरून नीट गेला आहे का? घोड्याशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे, त्याला हे क्षणात खटकते.

चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत उडणारा घोडा मात्र लगेच नापसंत करू नका. एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पळत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे काढली, तेव्हा सिद्ध झाले की चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नव्हे. त्याआधीचे चित्रकार घोडा तसाच ताणून काढत, आणि जुन्या चित्रावरून केलेल्या मिनिएचरमध्ये ती ढब योग्यच आहे. जेरिकोने १८१२ मध्ये रंगवलेल्या, आज लूव्हरमध्ये असलेल्या शासरच्या, म्हणजे हलक्या फ्रेंच घोडदळातल्या स्वाराच्या, चित्रावरून केलेले पुतळे अजून निघतात. ते चित्राचे पुतळे आहेत, हे समजून घ्यावे.

दुसरे साल, धातूचे. ‘प्यूटर’ या नावाखाली बाजारात फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. आजचे चांगले प्यूटर म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक कथील आणि बाकी अँटिमनी व तांबे. आपल्याकडे कल्हईला वापरतात तेच कथील, २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे. जुन्या फिगरमध्ये शिसे भरपूर असते, काहींत जवळजवळ सगळे शिसेच. तळाच्या न रंगवलेल्या भागाने कागदावर हलकी रेघ ओढा. राखाडी उमटली तर शिसे आहे असे धरून चाला. मग ती फिगर लहान मुलांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा, आणि कानस किंवा पॉलिशपेपर कधी कोरडा चालवू नका, पाणी लावून घासा आणि तोंडावर मास्क ठेवा.

कुणी केली आणि कधी, हे ओळखायला थोडा इतिहास कामी येतो. जर्मनीत न्यूरेंबर्गला सपाट कथलाच्या फिगरची परंपरा आहे. अर्न्स्ट हाइनरिक्सनने १८३९ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याने ३० मिलिमीटर हे माप रूढ केले. या सपाट स्वारांना अनेक जण खेळणी समजून बाजूला सारतात. चांगल्या चित्रकाराने रंगवलेला सपाट हुसार जवळून बघा; छाया आणि उजेड पूर्णपणे कुंचल्याने उभे केलेले असतात. बव्हेरियात कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात याचेच मोठे संग्रहालय आहे आणि जर्मनीला जाणाऱ्याने ते चुकवू नये. ड्रेस्डेनचा हायडे कारखाना फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात नष्ट झाला, त्यामुळे अस्सल हायडे त्याच्या आधीचाच. पॅरिसची सीबीजी मिन्यो ही संस्था भरीव शिशाच्या फिगरसाठी ओळखली जाते.

इंग्लंडच्या विल्यम ब्रिटनच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकाम आणले. साच्यात शिसे ओतायचे, कडेने थर धरला की आतले पातळ शिसे परत ओतून घ्यायचे. फिगर हलकी आणि स्वस्त झाली आणि जर्मन मालाशी स्पर्धा करू लागली. सुमारे १९६६ पर्यंत ही शिशाची निर्मिती चालली. सुरुवातीच्या घोड्यांच्या पोटाखाली कागदी लेबल असे, नंतर अक्षरे साच्यातच कोरली गेली. त्यात दिसणारे साल हक्क नोंदवल्याचे असते, त्या नगाच्या निर्मितीचे नसते. १९०० च्या आसपासचे साल असलेला घोडा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ओतलेला असू शकतो. ब्रिटनच्या अनेक स्वारांचा उजवा हात हलतो. तोच हात तुटतो आणि दुसऱ्या फिगरचा बसवला जातो, म्हणून हाताच्या बाहीचा रंग अंगाच्या रंगाशी जुळतो का ते उन्हात पाहा.

नकली नग म्हणजे बहुतेक वेळा जुन्या फिगरवरून साचा घेऊन पुन्हा ओतलेला. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून अशी प्रत मूळ नगापेक्षा किंचित लहान भरते आणि दोऱ्यांची नक्षी, बटणे, आयाळ यांची धार गेलेली असते. शक्य असेल तर खात्रीच्या नगाशेजारी ठेवून बघा. छायाचित्रावरून घेत असाल तर तळाचे, घोड्याच्या पोटाचे आणि दोन्ही बाजूंचे चित्र मागा. ते द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

मापाबद्दल फार बोलायला नको. ५४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:३२, हे संग्राहकांचे नेहमीचे माप; ७५ आणि ९० मिलिमीटर ही दाखवण्यासाठी. एका कपाटात एकच माप ठेवा, नाहीतर शेजारी उभे राहिलेले दोन्ही स्वार बेढब दिसतात.

तिसरे साल रंगाचे, आणि इथे पैशाचे गणित सर्वात जास्त बदलते. कारखान्यातून आलेला मूळ रंग थोडा टवके उडालेला असला तरी त्याला मान आहे. तोच नग कुणीतरी हौसेने पुन्हा रंगवला की जुन्या खेळण्याचे संग्राहक त्याला जवळजवळ धातूच्या भावाने मोजतात. म्हणून जुन्या ब्रिटन, हायडे किंवा मिन्यो फिगरला कुंचला लावू नका. एक टवका झाकायचा मोहही आवरा. अतिनील टॉर्चखाली आधुनिक रंग बऱ्याचदा जुन्या रंगापेक्षा वेगळा चमकतो. अंधाऱ्या खोलीत ही तपासणी दोन मिनिटांची आहे. याउलट नव्या, रंगवण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या कोऱ्या फिगरच्या बाबतीत रंगकाम हीच सगळी किंमत. सेंट पीटर्सबर्गच्या कार्यशाळांमधून आलेले कथलाचे स्वार पाहिले तर रंगकाम कुठवर जाऊ शकते हे समजते. घोड्याच्या झालरीवरची नक्षीसुद्धा त्यात हाताने काढलेली असते.

रंगकाम पारखताना तीन ठिकाणी बघा. घोड्याचा डोळा: चहूबाजूंनी पांढरे असलेला डोळा हे कच्च्या हाताचे लक्षण, घोड्याचा डोळा दुरून काळाभोरच दिसतो. खूर: पांढऱ्या पायाचा खूर फिकट असतो, गडद पायाचा गडद. पंचकल्याणी घोडा रंगवून त्याला चारही काळे खूर दिलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. आणि दोऱ्यांची नक्षी: साध्या शिपायाच्या दोऱ्या लोकरीच्या असत, पिवळ्या किंवा पांढऱ्या; सोने-चांदी अधिकाऱ्यांची. शिपायाला चकचकीत सोनेरी रंगवले असेल तर रंगवणाऱ्याला हुद्दाच कळलेला नाही.

स्वतः रंगवायचे असेल तर सोप्यापासून सुरुवात करा, म्हणजे ब्रिटिश लाइट ड्रॅगून किंवा रशियन कोसॅक. हुसार दुसऱ्या वर्षी. साच्याच्या जोडरेषा बारीक कानशीने काढा, कोमट पाण्यात साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग प्रायमर. पावसाळ्यात स्प्रे-प्रायमर मारू नका. दमट हवेत तो पांढरट धुरकट होऊन बसतो आणि पुढचा प्रत्येक थर बिघडवतो. हा टप्पा ऑक्टोबर ते मे दरम्यान उरकून ठेवावा, किंवा पाण्यातला प्रायमर कुंचल्याने लावावा. कपड्यांसाठी अ‍ॅक्रिलिक चांगले. घोड्यासाठी मात्र ऑइल कलरला पर्याय नाही असे माझे ठाम मत आहे. आधी अ‍ॅक्रिलिकचा फिकट पिवळसर तपकिरी थर द्या, वाळल्यावर त्यावर बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबरचा ऑइलचा पातळ हात द्या, आणि कोरड्या मऊ कुंचल्याने स्नायूंच्या उंचवट्यांवरून तो हलकेच उचलून घ्या. कुमाईत घोड्याचे चकाकणारे अंग असे सहज येते. पाय, आयाळ, शेपटी काळी. बिगुलवाल्याला बहुधा सफेद किंवा सब्जा घोडा असे, गर्दीत तो लांबून ओळखू यावा म्हणून. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा वापरू नका. एवढ्या लहान आकारावर काळ्यात थोडा निळा किंवा तपकिरी, पांढऱ्यात थोडा राखाडी मिसळला तरच कापड कापडासारखे दिसते. सर्वात बारीक कुंचल्याच्या मागे न लागता १ नंबरचा, चांगल्या टोकाचा, नैसर्गिक केसांचा घ्या. त्यात रंग टिकतो, अर्ध्या रेघेत सुकत नाही.

मागच्या दोन पायांवर उभा घोडा घेतलात तर सगळे वजन त्या दोन पातळ पायांवर असते. पायात पोलादी तार आहे का विचारा. नसेल आणि नग नवा असेल, तर खुरातून बारीक छिद्र पाडून पितळी तार बसवा, दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवा आणि तार लाकडी तळात खोल न्या. झटपट गोंद धातूच्या जोडाला लागतो, पण धक्का सोसत नाही. वाकलेली तलवार सरळ करायची तर एकदाच, सावकाश. पुढे-मागे वाकवली की ती मोडलीच.

सांभाळण्याचा भाग महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी सर्वात महत्त्वाचा आहे, कारण बाहेरची पुस्तके आपल्या पावसाळ्यासाठी लिहिलेली नाहीत. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. शिशाला दमट हवा आणि आम्लाची वाफ एकत्र मिळाली की त्यावर पांढरी भुकटी येऊ लागते. हे शिशाचे कार्बोनेट. आतून धातू खाल्ला जात असतो आणि रंगाखाली फोड येतात. आम्ल येते कुठून? ओकच्या लाकडातून, प्लायवूड आणि एमडीएफमधून, पुठ्ठ्यातून, वर्तमानपत्राच्या कागदातून, सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदातून. आणि एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: काचेचे शोकेस जोडताना वापरतात तो व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतो. शोकेस करून घेताना कारागिराला वास नसलेला, न्यूट्रल प्रकारचा सीलंट वापरायला स्पष्ट सांगा, आणि शोकेस पूर्ण झाल्यावर काही आठवडे उघडे ठेवून मगच त्यात फिगर मांडा.

कपाट काच आणि पावडर-कोट केलेल्या धातूचे असावे. लाकडी असलेच तर आतून जाड पॉलिएस्टर फिल्मचा थर द्या. प्रत्येक कप्प्यात रंग बदलणारे सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ते वारंवार बघा. रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरता येते. डांबरगोळ्या आणि कापूर कपाटात नकोत, त्यांची वाफ रंगाला आणि वार्निशला मऊ करू शकते. दिवा कपाटाबाहेर असावा. थेट ऊन पडू देऊ नका. किरमिजी रंग आधी उडतो. धूळ मेकअपच्या मऊ कुंचल्याने झाडा, ओल्या फडक्याने नाही.

पांढरी भुकटी दिसलीच तर तो नग लगेच वेगळा करा, मास्क आणि हातमोजे घाला, आणि शेजारचे सगळे स्वार भिंगाखाली तपासा. रंगवलेल्या जुन्या नगावर घरगुती उपाय करू नका; धातूच्या संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडे न्या. पुणे-मुंबईतल्या संग्रहालयांत असे तज्ज्ञ कुठे आहेत हे विचारल्यास कळते. परदेशात थंड मुलखात राहणाऱ्या मराठी संग्राहकांची अडचण उलटी. शुद्ध कथील १३ अंशांखाली दीर्घकाळ राहिले तर त्याचे स्फटिकरूप बदलून ते भुगा होऊ शकते. अँटिमनी मिसळलेल्या प्यूटरला हा धोका फार कमी, तरी जुने नग गारठलेल्या गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर ठेवू नयेत.

पार्सल मागवताना विक्रेत्याला सांगा की घोड्याच्या पोटाखाली मऊ फोम भरा, आणि भाला सुटा होत असेल तर वेगळा गुंडाळा. बबलरॅप थेट रंगाला लागू देऊ नका, उन्हाळ्यात त्याच्या गोल खुणा वार्निशवर उठतात. मध्ये आम्लरहित टिश्यू पेपर हवा. सीमाशुल्काचा हिशेब आधीच धरा आणि कागदावर खरी किंमत, खरे वर्णन लिहायला लावा.

भारतीय रेजिमेंट जमवायच्या असतील तर विषय आपल्या फार जवळ येतो. स्किनर्स हॉर्सचा संस्थापक जेम्स स्किनर आधी दौलतराव शिंद्यांच्या फौजेत होता. १८०३ मध्ये इंग्रज-मराठे युद्ध पेटले तेव्हा तो बाहेर पडला आणि त्याने हा पिवळ्या अंगरख्यांचा रिसाला उभारला. ब्रिटन कंपनीने या रिसाल्याचा संच केला होता आणि चांगल्या स्थितीतला तो मिळाला तर सोडू नका. पूना हॉर्सचा उगम १८१७ च्या पुणे तहातला. या रेजिमेंटकडे चांदीच्या पंजाचे निशाण आहे, फेब्रुवारी १८५७ मध्ये इराणातल्या खुशाबच्या लढाईत जिंकलेले, आणि ते दाखवणारी फिगर मिळाली तर तिची कारागिरी नीट बघा. तळावर ‘३४ वी पूना हॉर्स’ लिहिले असेल तर स्वार १९०३ च्या पुनर्रचनेनंतरचा. १९२२ च्या सुमारास ती १७ वी झाली. हायफाच्या लढाईतले, २३ सप्टेंबर १९१८ चे, जोधपूर आणि म्हैसूर लान्सर खाकी वेषात हवेत. त्यांना दरबारी झगमगाटात दाखवणारे नग फसवे.

मराठा स्वाराची चांगली फिगर मात्र कमी दिसते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. एकसारखा गणवेश नसल्यामुळे उत्पादकांना तो अवघड जातो. ते कुठल्याही मुघल स्वाराला भगवे निशाण देऊन मोकळे होतात. कोरी फिगर घेऊन तुम्ही रंगवणार असाल किंवा एखाद्या कारागिराकडून करून घेणार असाल, तर साल आधी ठरवा: संताजी-धनाजींच्या काळातला स्वार, पानिपतचा आणि १८०३ मध्ये असईला उभा असलेला शिंद्यांचा स्वार हे तीन वेगळे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वेल्स पुण्यात चित्रे काढत होता आणि त्याच्याबरोबर गंगाराम तांबट. त्यांच्या रेखाटनांत पगडी, बाराबंदी, जीन यांचे तपशील मिळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात तलवारी आणि ढाली प्रत्यक्ष बघा, मूठ कशी आहे ते टिपून घ्या. बारगीर असेल तर घोडा आणि हत्यार सरकारी, शिलेदार असेल तर स्वतःचे. म्हणून शिलेदाराच्या खोगिरावर, झुलीवर थोडी हौस दाखवा आणि बारगिराला साधेच ठेवा. घोडा भीमथडीचा, लहान चणीचा, काटक. कपड्यांचे पांढरे पूर्ण पांढरे नको, धुळीने पिवळसर झालेले हवे. आणि भाल्याचा दांडा बांबूचा असल्याने त्यावर पेरे रंगवायला विसरू नका.